मंडपमहून परत आलेला खण

हे मी आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दोघीही आता नाहीत. म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं संपली आणि मग मला कंठ फुटला. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं माझं काही नातं नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा — सांगतानाही मी आधी स्वतःची सोय बघतो.

मी चिखलीचा. आमच्या भावकीतला पहिला मॅट्रिक. आज जिथे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ घरघरतात तिथे आमचा ज्वारीचा तुकडा होता. आबा, म्हणजे माझे वडील, दिसेल त्याला सांगायचे, आमच्या पोराला इंग्रजी येतं. येत होतं का? वाचता यायचं, टाईप करता यायचं. बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. पण हे सांगणार कुणाला? गावात कुणाचा इंग्रजी कागद आला की मला बोलावणं यायचं. मी तो डोळ्यांपुढे धरायचो, गंभीरपणे मान हलवायचो आणि अर्धं अंदाजाने ठोकून द्यायचो. लोक म्हणायचे, हुशार हाय राव पोरगं. त्या मान हलवण्याच्या जोरावरच पन्नास सालाच्या सुमारास मला चिंचवडच्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली.

कारखाना नवा होता, यंत्रं परदेशातून आलेली. ती बसवायला जे गोरे आले त्यांत यानिस नावाचा एक फिटर होता. उंच, वाळलेला, सारखा खोकणारा. आम्ही त्याला यानीसाहेब म्हणायचो. तो इंग्रज नव्हता, जर्मनही नव्हता. त्याचा देश लाटविया. तो लढाईत रशियाने गिळला होता. ऑफिसातल्या नकाशात आम्ही शोधला, सापडला नाही. लंडनमध्ये त्या देशाची जुनी वकिलात तेवढी उघडी राहिली होती, तिने दिलेला पासपोर्ट त्याच्याजवळ होता. देश नाही आणि पासपोर्ट आहे — आम्हाला याचं हसू यायचं. त्याच्यासमोरसुद्धा हसलो असू आम्ही.

लढाईच्या शेवटच्या पळापळीत त्याची बायको मेली. मुलगी इल्झे मावशीबरोबर वेगळ्या वाटेला लागली आणि जर्मनीतल्या निर्वासितांच्या कुठल्याशा छावणीत राहिली, हे त्याला फार उशिरा कळलं. ऑस्ट्रेलिया अशा लोकांना घेत होता. मावशीला घेतलं, मुलीला घेतलं. याच्या छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणून याला नाकारलं. मग तो पोटासाठी आमच्याकडे आला. आणि एक दिवस मावशीचं पत्र आलं — आमची बोट वाटेत कोलंबोला एक दिवस थांबणार आहे, तुला येता येईल का?

एक दिवस. लहानपणी हात सुटलेली पोर, आता सोळा वर्षांची झालेली, आणि एकदा ऑस्ट्रेलियाला पोचली की पुन्हा दिसेल याचा भरवसा नाही. त्याने साठवलेली सगळी सुट्टी त्या एका दिवसासाठी मागून घेतली. मॅनेजरने दिलीही.

आमच्या विहिरीवरचं इंजिन बिघडलं तेव्हा एका रविवारी तो माझ्याबरोबर सायकलवर चिखलीला आला होता. इंजिन चालू करून दिलं, पैसे घेतले नाहीत, घोंगडीवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. तेव्हापासून आईला त्याचा लळा. मोडक्या हिंदीत तो बोलायचा, आई आमच्या बोलीत बोलायची, आणि मध्ये मी — दुभाषी. कोलंबोचं कळल्यावर आई आत गेली. तिच्या माहेराहून आलेला अंजिरी खण होता, जरीच्या काठाचा. अंगाला लावायचं तिच्या जिवावर यायचं म्हणून तिने तो कधी शिवला नव्हता. तो आणून तिने यानीसाहेबाच्या हातात ठेवला. "लेकीला मोकळ्या हातानं भेटू न्हाई म्हनावं त्यास्नी," ती मला म्हणाली. मी ते सांगितलं. त्याने खण दोन्ही हातांनी धरला.

आता येतो मुद्द्यावर. येतो — पण अजून थोडं.

छावण्यांतून आलेला माणूस तो. शिक्का, कचेरी, रांग म्हटलं की त्याला घाम फुटायचा. आमचे इंग्रज मॅनेजर आदल्या वर्षी सिलोनला हवा खायला जाऊन आले होते, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तरी यानीसाहेबाला शंका होती. कामावरून त्याला निघता येत नव्हतं म्हणून त्याने मला मुंबईला पाठवलं. सिलोनचे परवाने देणाऱ्या कचेरीत जायचं आणि विचारायचं, लाटवियाच्या माणसाला सुट्टीसाठी जायला व्हिसा लागतो का, लागत असेल तर आता अर्ज केला तर वेळेत मिळेल का. एवढंच. पासपोर्ट माझ्याकडे दिला. ऑफिसात दुसरे दोघे होते चांगलं इंग्रजी बोलणारे, पण त्याचा विश्वास माझ्यावर. मीच छाती काढून म्हणालो होतो, मी जातो साहेब.

गेलो. रांगेत उभा राहिलो. आत बोलायचं वाक्य मी गाडीत घोकून ठेवलं होतं. माझी पाळी आली. टेबलामागे फ्रॉक घातलेली एक बाई होती, तिने काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, जरा सावकाश. तेही कळलं नाही. मागे सुटातली माणसं उभी. माझे कान तापले, घोकलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे — आणि मी "नो, थँक यू" म्हणून बाहेर पडलो.

मला कुणी हाकललं नाही. ती बाई हसलीही नाही. पासपोर्ट माझ्या खिशात होता हो. तोंडातून एक शब्द काढायची गरज नव्हती, नुसता टेबलावर ठेवला असता तरी तिला समजलं असतं. हे मला रस्त्यावर आल्याबरोबर सुचलं. मग परत का नाही गेलो? कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी होती. मी अपोलो बंदरावर जाऊन चणे खात बसलो आणि बोटी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. मी म्हणालो, चौकशी केली साहेब, सुट्टीला जाणाऱ्याला काही लागत नाही. आणि मान हलवली — गावात हलवायचो तशीच.

तुम्ही म्हणाल, पोराला परिणाम ठाऊक नव्हता. असं म्हणू नका. खरं एवढंच की मला वाटलं, गोरा तो गोरा. मॅनेजरला कुणी अडवलं नाही, याला कोण अडवतंय? बिनदेशाच्या गोऱ्याची पत आपल्याहून कमी असते हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण शंका होती. रोज सायकल हाणताना ठरवायचो, आज सांगून टाकू. सांगितलं असतं तर अर्ज करायला अजून वेळ होता. पण तो खुशीत असायचा. मशीनखाली आडवा पडून शीळ घालायचा, खोकलाही कमी झाला होता. कोणत्या तोंडाने सांगू, असं वाटायचं. आणि एकदा हा मॅट्रिक तोंडघशी पडला की आबांचं काय? — हेही वाटायचं, आणि हेच जास्त वाटायचं.

तो गेला. ठरल्यापेक्षा लवकर परत आला.

रामेश्वरच्या अलीकडे मंडपमला, सिलोनच्या बोटीत चढायच्या आधीच, त्याला थांबवलं होतं. तिथला अधिकारी चांगला होता म्हणे. पण नियम तो नियम. असल्या पासपोर्टाला कोलंबोहून आधी मंजुरी यावी लागते, नुसतं येऊन चालत नाही. त्या अधिकाऱ्याने कोलंबोला तारही केली. ती मंजुरी यायच्या आत इल्झेची बोट कोलंबोला लागली आणि निघूनही गेली. यानीसाहेब अलीकडच्या किनाऱ्यावर बसून होता. मध्ये तेवढंसं पाणी.

मॅनेजरने दोघांनाही खोलीत बोलावलं. मला विचारलं, तू चौकशी केली होतीस ना? इथे तरी — इथे तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, केली होती सर. व्हिसा लागतो असं त्यांनी सांगितलं, मी ते यांना सांगितलं होतं; माझं इंग्रजी यांना समजलं नसावं. हे मात्र मी न अडखळता बोललो. आयुष्यात पहिल्यांदा सलग इंग्रजी बोललो असेन मी.

यानीसाहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरला म्हणाला, हो, माझं इंग्रजी वाईट आहे.

त्याने मला वाचवलं की त्याला आता कशाचंच काही वाटत नव्हतं? त्याने आमच्या घरी भाकरी खाल्ली होती, आबांना पाहिलं होतं; माझी नोकरी गेली तर काय होईल हे त्याला दिसत होतं. की नुसताच थकला होता? मला आजवर समजलं नाही. समजून घ्यायला त्याच्याजवळ जावं लागलं असतं, आणि मी तर त्याला बघून वाट बदलायला लागलो होतो.

पुढे मावशीचं पत्र आलं. पोर दिवसभर धक्क्यावर उभी होती, कुणी उंच गोरा माणूस दिसला की पुढे धावायची, असं त्यात होतं. मला हे त्यानेच सांगितलं, एकदा जेवणाच्या सुट्टीत, समोर येऊन, त्या मोडक्या हिंदीत. रागावला नाही. सांगितलं आणि कामाला गेला. इल्झेने स्वतः त्याला पुन्हा कधी लिहिलं नाही.

खण परत द्यायला तो चिखलीला आला. कागदात गुंडाळलेला, घडीसुद्धा मोडली नव्हती. आईने विचारलं, "लेक भेटली न्हव्हं?" तो माझ्याकडे बघत राहिला, मी सांगेन म्हणून. मी आईला म्हटलं, बोट चुकली त्यांची. आईने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या म्हनावं तुमच्यापाशीच. फुडल्या येळंला द्या लेकीला." हे मी त्याला सांगितलंच नाही. कोणत्या पुढल्या वेळेला? मी त्याच्या हातातून खण घेतला आणि आत नेऊन ठेवला. त्याला वाटलं असेल, बाईने परत घेतला.

काम संपल्यावर तो गेला, कुठे ते विचारलं नाही. चिंचवड स्टेशनवर त्याची ट्रंक चढवायला मलाच पाठवलं होतं. गाडी बराच वेळ उभी होती. डब्यात दुसरं कुणी नव्हतं. तो खिडकीशी बसून खोकत होता आणि मी फलाटावर उभा होतो, हातभर अंतरावर. सांगायला काय हवं होतं? मराठीत बोललो असतो तरी त्याला कळलं असतं. गाडी हलल्यावर मी म्हणालो, "हॅपी जर्नी."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आईने पेटीतून तो खण काढला आणि सुनेला दिला. नव्या नवरीने चोळी शिवली. छान दिसली तिला, सगळ्या बायका म्हणाल्या. तिने मला विचारलं, एवढा भारी खण कुणाचा हो? मी म्हणालो, घरातलाच आहे. चांगला टिकाऊ होता. दर सणाला ती तीच चोळी काढायची. काठ विरून फाटेपर्यंत तिने ती घातली.