बिनबुटाचा गोल

नातवाच्या नव्या फुटबॉलच्या चामड्याचा वास आला आणि सोलापूरच्या मिलमागचं मैदान आठवलं. भोंगा झाला की आम्ही सूतखात्यातल्या बाया केसांतला कापूसही न झटकता आमच्या संघाची मॅच बघायला धावायचो. त्या संध्याकाळी कपाच्या फायनलला साहेबलोकांच्या संघावर आमच्या रसूलनं अनवाणी पायानं गोल मारला आणि वाटलं, आम्ही जिंकलो. पण पंच त्यांचाच माणूस. म्हणाला, "पायात बूट नाहीत. गोल रद्द."

"मग आतापतुर खेळू कशाला दिलं?" मी ओरडले.

रसूलनं सोललेली नडगी पुढं केली. "ह्यांच्या बुटांच्या लाथा बी रद्द करा की!"

कप साहेबांनीच नेला. तेव्हा वाटलं, असेल तसा नियम. पुढं कळलं, असा नियमच नव्हता. ते रसूलला सांगावं, तर तो उरला नव्हता, याचा संताप अजून जात नाही.