केबिनमधून पाहिलेली बेटं

माझ्या यजमानांची सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. स्वतः तपासल्याशिवाय हे कशालाच हो म्हणत नाहीत. मलासुद्धा तीनदा पाहायला आले होते. त्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधून आठ दिवसांच्या क्रूझचं ठरलं, तेव्हा तिचीही तालीम होणार हे मी धरूनच चालले.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ह्यांनी खडूनं केबिन आखली. त्या चौकोनात मी, हे आणि ह्यांची थोरली बहीण अशा तिघांनी एकमेकांना धक्का न लावता दोन तास वावरायचं. वन्सं सत्तरी ओलांडलेल्या. त्या पहिल्याच दिवशी खडूच्या भिंतीतून सरळ बाहेर गेल्या आणि पाणी पिऊन आल्या.

"ताई, तू आत्ता समुद्रात पडलीस," हे म्हणाले.

"असू दे. तहान लागली होती."

हेलकाव्यांची सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी बागेतल्या झोपाळ्यावर वीस मिनिटं बसायचं होतं. वन्संना पाचव्या मिनिटाला मळमळायला लागलं. ह्यांनी वहीत लिहिलं, 'ताई नापास.' माझ्यापुढे 'काठावर' आणि स्वतःपुढे 'उत्तम'.

प्रत्यक्षात बोटीनं बंदर सोडलं आणि पहिला घास तोंडात जायच्या आत ह्यांना बोट लागली. बोटीवरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, आलं चघळायला लावलं. उपयोग शून्य. हे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. वन्संनी मात्र तिसऱ्यांदा भात घेतला.

बोटीवर निसर्गाची माहिती द्यायला एक तज्ज्ञ बाई होत्या. रोज सकाळी त्या आम्हाला छोट्या होडीतून एखाद्या बेटावर न्यायच्या. संध्याकाळी आम्ही परतलो की हे पडल्या पडल्या वही उघडायचे. "हं, सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही खारफुटीचं जंगल पाहून आलो होतो. वन्सं म्हणाल्या, "चिखलातून मासे चालत आले आणि झाडाच्या मुळांवर चढून बसले."

ह्यांचं पेन थांबलं. "मासे?"

"मासे."

"चढले?"

"चढले. तुझ्या बायकोला विचार."

मी हो म्हटलं. "तुम्हा दोघींना ऊन लागलंय," असं म्हणून ह्यांनी वही मिटली.

वन्सं रागावल्या की आवाज चढवत नाहीत, उलट फार गोड बोलतात. तिसऱ्या दिवशी एका गावात आम्ही झावळ्यांच्या चटया विणायला शिकलो होतो. त्याबद्दल चकार शब्द न काढता त्या म्हणाल्या, "आज एक पक्षी पाहिला बरं का. कुकरसारख्या तीन शिट्ट्या देतो आणि गप्प बसतो. तिथल्या बायका त्या शिट्ट्या मोजून भात उतरवतात."

मी चपला शोधायच्या निमित्तानं पलंगाखाली वाकले.

"रंग?" ह्यांनी विचारलं.

"करडा."

"शेपूट?"

"आखूड."

ह्यांनी सगळं लिहून घेतलं, शेजारी चित्र काढलं. मग मलाही राहवेना. एका बेटावर लग्नानंतर वर्षभर जावयाला बोलायची परवानगी नसते, हे माझं.

पुण्यात परतल्यावर सेक्रेटरींनी ह्यांना सोसायटीत प्रवासावर बोलायला बोलावलं. त्याचीही तालीम झाली, स्वयंपाकघरात. भाषण खरोखरच छान झालं. वाळूचा रंग, लवंगांचा वास, खाडीतलं हिरवं पाणी, हे असं सांगत होते की मलाच वाटलं, मी हे नीट पाहिलंच नाही. पक्ष्याच्या तीन शिट्ट्या ह्यांनी तोंडानं वाजवून दाखवल्या. लोक मन लावून ऐकत होते. जावयांच्या चालीला तर टाळ्या पडल्या.

शेवटी मालवणकडचे एक आजोबा उठले. "झाडावर चढणारे मासे नाही दिसले? आमच्याकडे निवटी म्हणतात. खाडीत ढिगानं असतात."

"तशी एक अफवा कानावर आली होती," हे म्हणाले.

माझ्या शेजारी वन्संनी पदर तोंडावर धरला आणि खोकल्याचं सोंग केलं.

मला मात्र ते टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं. पक्षी खोटा, जावई खोटा, मासे खरे. हे बराच वेळ कपातला चहा ढवळत राहिले. ह्यांच्या चहात साखर नसते.

"पक्षी नसता तर लोक शेवटपर्यंत बसले नसते," हे म्हणाले. मग हळूच विचारलं, "मासे चढतात म्हणजे नक्की कसे गं?"

मी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून दाखवलं.

"पुन्हा दाखव."

मी पुन्हा दाखवलं. वही शेजारीच होती, पण ह्यांनी ती उघडली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आता पहिल्या दिवसापासून सांग. घाई नाही."