कूलरच्या पंपाच्या खोक्यातलं घड्याळ

ताईने मुदत ठेवीत टाकायला दिलेले आठ लाख रुपये मी कधी ठेवीत टाकलेच नाहीत. त्या पैशांचं मी एक घड्याळ घेतलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लिहितानासुद्धा दाराकडे लक्ष आहे.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. भाऊजी लकडगंजला एका लाकडाच्या टालावर मुनीम होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ती शाळेत शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा मिळालेल्या रकमेतले आठ लाख तिने बाजूला काढले आणि माझ्या नावाचा चेक लिहून हुडकेश्वरला आमच्या घरी आली. मी म्हटलं, ठेव तुझ्याच नावाने करू. ती म्हणाली, "तुह्याच नावानं टाक बाबू. मले त्या फॉर्मांच्या भानगडी नको. तीन महिन्यांनी व्याज आणून देजो, बस."

मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत आहे. लोकांची सेवापुस्तकं तपासतो. दुसऱ्याच्या जन्मतारखेतली खाडाखोड माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे नात्यातले सगळे कागद माझ्याकडे येतात आणि मी सांगितलेलं कोणी पुन्हा तपासून बघत नाही. ताईने पावतीसुद्धा मागितली नाही.

चेक माझ्या खात्यात वटला त्याच आठवड्यात एक जुना सहकारी भेटला. आधी आमच्याकडे कंत्राटावर होता, मग मिहानमधल्या एका कंपनीत लागला. त्याच्या मनगटावर स्वित्झर्लंडचं घड्याळ होतं. मी किंमत विचारली आणि चहा हातात तसाच राहिला. तो म्हणाला, मी घेतलं तेव्हा चार लाखाला होतं, आता सहा देतो म्हणतात. कंपनीच्या दुकानात नाव नोंदवून लोक दोन-दोन वर्षं वाट पाहतात, म्हणून वापरलेलं घड्याळ नव्यापेक्षा महाग जातं. ठेवीवर काय मिळते दादा, महागाई खाऊन टाकते, असंही म्हणाला. मग त्याने मला काही व्हिडिओ पाठवले. त्यातली माणसं इतक्या शांतपणे बोलायची की आपणच आजवर अडाणी राहिलो असं वाटायचं.

मी आयुष्यात एवढीच गोष्ट जपली होती की धोका घ्यायचा नाही. कदाचित त्याचाच कंटाळा आला असेल. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात वेगळाच हिशेब होता. दोन वर्षांत आठाचे बारा होतील, ताईला आठ आणि व्याज देईन, वरचे माझे. तिचं भलं करायचं होतं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे.

मुंबईचा एक व्यापारी दर दोन महिन्यांनी नागपुरात येऊन हॉटेलात खोली घ्यायचा आणि तिथेच घड्याळं दाखवायचा. त्याच्याकडून मी सात लाख साठ हजाराला घड्याळ घेतलं, सोबत मूळ डबा आणि कंपनीचं हमीपत्र. उरलेले चाळीस हजार मी ताईच्या पहिल्या काही हप्त्यांच्या व्याजासाठी बाजूला ठेवले. म्हणजे खोटं किती दिवस चालवायचं आहे हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

स्कूटरवरून घरी येताना ते शर्टाच्या आत होतं. मेडिकल चौकाच्या सिग्नलला मागून एक मोटरसायकल येऊन थांबली आणि मी शर्टावरून घड्याळ हाताने दाबून धरलं. भीती तिथून सुरू झाली.

घरात लपवायला जागा नव्हती. कपाटाच्या लॉकरची किल्ली बायकोकडे. पावसाळा लागला होता, कूलर बंद झाले होते. पंप वाळवून त्याच्या खोक्यात घालून मी माळ्यावर ठेवलाच होता. घड्याळाचा डबा मोठा, तो कचेरीतल्या माझ्या कपाटात ठेवला. घड्याळ फडक्यात गुंडाळून पंपाखाली सरकवलं. उन्हाळ्यापर्यंत त्या खोक्याला कोणी हात लावणार नव्हतं.

ते घड्याळ हाताच्या हालचालीवर चालणारं होतं. न वापरता पडून राहिलं तर आतलं तेल घट्ट होतं, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. म्हणून आठवड्यातून दोनदा सकाळी मी ते टॉवेलात घेऊन न्हाणीघरात जायचो, कडी लावायचो, मनगटावर चढवायचो आणि हात हलवत उभा राहायचो. एकदा बायकोने बाहेरून विचारलं, "अहो, आत काय करून राहिले एवढा वेळ?" व्यायाम, असं मी सांगितलं. ती म्हणाली, करा, पोट तर कमी होऊन नाही राहिलं. मी त्या पांढऱ्या नळाजवळ साडेसात लाखाचा हात हलवत होतो आणि मला हसू आलं नाही.

मार्चमध्ये एक दिवस कचेरीतून आलो तर बायको स्टुलावर चढून माळ्यावरून तेच खोकं ओढत होती. "खाली उतर," मी असा ओरडलो की ती खोकं तिथेच सोडून उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. पंप जळला आहे, शॉक बसेल, असं काहीतरी मी बोललो आणि तसाच बाजारात जाऊन नवा पंप घेऊन आलो. जुना पंप चांगला होता. तो अजून त्याच खोक्यात आहे.

भीतीत माणूस भाव पाहत राहतो. मी दिवसातून चार-पाच वेळा मोबाइलवर त्या घड्याळाचा भाव बघायचो. पहिल्या वर्षी थोडा वर गेला. तेव्हा विकायचं होतं, पण बारा अजून झाले नव्हते. मग उतरू लागला. आणि मला हळूहळू कळलं ते असं की मोबाइलवर दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला भाव असतो. मला मिळणार तो व्यापारी देईल तेवढा, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्याचं पोट असतं. वर दर काही वर्षांनी दुरुस्तीवाल्याकडे उघडून साफ करून घ्यायचं, त्याचा खर्च वेगळा. ठेव गप्प बसून व्याज देते. हे गप्प बसलं तर बंद पडतं. बाजूला काढलेले चाळीस हजार केव्हाच संपले होते आणि ताईचं व्याज माझ्या पगारातून जात होतं. दर तीन महिन्यांनी मी पाकीट द्यायचो, ती न मोजता पाकीट भाऊजींच्या फोटोखाली ठेवायची.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत तिचं गुडघ्यांचं दुखणं फार वाढलं. डॉक्टरांनी दोन्ही बदला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ती ठेव मोड आता. माझ्या तोंडून वाक्य सहज निघालं, जणू पाठ होतं: मुदत दिवाळीनंतर संपते, आधी मोडली तर व्याज कापतात. खरं तर मला भाव वर यायची वाट पाहायची होती. तिने बोटांवर महिने मोजले. दहा महिन्यांनी काय होते, चालते, असं म्हणाली आणि कठड्याला धरून उठली.

श्रावणात ती स्वतःच्या घराच्या जिन्यावरून घसरली. गुडघ्याने दगा दिला आणि डावा हात खाली आला. मी पोचलो तेव्हा ती पायरीवरच बसलेली होती. तिच्या डाव्या मनगटावर तिचं जुनं किल्लीचं घड्याळ होतं, शाळेत लागली तेव्हाचं, आणि पट्टा मांसात रुतला होता. "काढून ठेव बाबू," ती म्हणाली. "हात सुजून राहिला. आणि रोज चाबी देजो, नाहीतर बंद पडते."

पट्ट्याचं बक्कल मला काही केल्या निघेना. तिला वाटलं तिचं दुखणं बघून मी घाबरलो. तिने चांगल्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं.

दीड महिना तिचा हात प्लास्टरमध्ये होता. मी रोज सकाळी तिच्या घड्याळाला चाबी द्यायचो. न्हाणीघरात जाणं त्या दिवसांत बंद केलं. पंपाच्या खोक्यातलं घड्याळ थांबलं असेल, थांबू दे म्हटलं. हात जुळला, पण मनगट वळत नाही. ती आता कणीक एका हाताने भिजवते.

दिवाळी जवळ आली. विकणं भाग होतं. मी व्यापाऱ्याला फोटो पाठवले. साडेसहापर्यंत पाहू, असं त्याचं उत्तर आलं आणि मला कितीतरी महिन्यांनी झोप लागली. साडेसहा म्हणजे लाखाच्या वर तोटा, पण दोन्ही गुडघे होऊन जातील.

आमच्याकडे धनत्रयोदशीच्या आधी घरातली चांदी, बायकोची पोत, देवाचे टाक हे सगळं इतवारीत सोनाराकडे उजळायला जातं. आईच्या काळापासून तोच सोनार, आता म्हातारा झाला आहे. त्या वर्षीही बायकोने पिशवी माझ्या हातात दिली. घड्याळ खिशात होतं. दोन वर्षं खोक्यात राहूनही पट्ट्यावर, कडांवर बारीक ओरखडे दिसत होते. आधीच्या मालकाचे असतील. मला वाटलं, वस्तू विकायला न्यायची तर चकचकीत करून न्यावी. घर विकताना आपण चुना लावतो, गाडी विकताना धुतो. मी ते सोनारापुढे ठेवलं. कचेरीतल्या साहेबांचं आहे म्हणालो.

त्याने चाक सुरू केलं. पाऊण तास घासलं. घड्याळ आरशासारखं झालं. मी पैसे विचारले तर त्याने हात हलवला. "लोखंडाले उजळाचे काय पैसे घ्याचे, भाऊ."

मी त्याचे आभार मानले. मला खरोखर आनंद झाला होता.

दोन दिवसांनी भर दुपारी हॉटेलच्या खोलीत व्यापाऱ्याने घड्याळ हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. तो रागावला नव्हता. एखाद्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं हळू बोलला. "सर, ये पॉलिश किसने करवाया?"

मी सांगितलं. त्याने मग समजावलं की कंपनीने त्या पोलादावर जाणूनबुजून बारीक रेघा ओढलेल्या असतात, कडा धारदार ठेवलेल्या असतात, आणि घेणारे लोक ओरखडे चालवून घेतात, पण त्या रेघा आणि कडा गेल्या तर हात लावत नाहीत. त्या परत आणता येत नाहीत. त्याने अंगठा कडेवरून फिरवून दाखवला. कड बोटाला लागत नव्हती, साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती.

"कोने ही चले गये, सर. चार से ऊपर मैं नहीं दे पाऊँगा."

मी खुर्चीत बसून राहिलो. खिडकीतून बर्डीची गर्दी दिसत होती, लोक आकाशकंदील घेऊन जात होते. दुसरा व्यापारी बघावा असं मनात आलं, पण ते घड्याळ पुन्हा माळ्यावरच्या खोक्यात लपवायची माझ्यात ताकद नव्हती. मी चार लाखाला देऊन टाकलं.

ताईला मी चार लाख दिले. बाकीचे चार दुसऱ्या ठेवीत आहेत, तिची मुदत पुढे आहे, असं सांगितलं. एका खोट्याच्या पोटात दुसरं. तिने विचार केला आणि म्हणाली, मग एकच गुडघा करू, दुसरा नंतर. डॉक्टरही एकेक करा म्हणतातच. डावा गुडघा झाला. उजवा राहिला.

त्यानंतर मी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढला. बायकोला सांगितलं की घराला रंग द्यायचा आहे. रंग अजून दिलेला नाही आणि तिने ते विचारायचंही सोडलं आहे. त्यातून दीड लाख ताईला दिले, ठेवीतले थोडे मोडले म्हणून. मिहानच्या त्या मित्राला घड्याळाचं माहीत होतं, पैसे कोणाचे ते नाही. तो मध्ये भेटला तर म्हणाला, दादा, थांबला असता तर वर आलं असतं. आलंही असेल. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत, जो ते घड्याळ हातात घालून फिरू शकतो आणि त्याचा भाव विसरू शकतो, त्याने घ्यावं. मला ते कोणालाही दाखवता येत नव्हतं. जी वस्तू दार बंद करून हातात घालावी लागते तिला मी गुंतवणूक कशी म्हणत होतो, हे मला आता समजत नाही.

मागच्या रविवारी मी ताईकडे गेलो होतो. ती डाव्या पायावर भार देऊन चहा करत होती, उजवा पाय ओढत. मी म्हटलं, बस तू, मी करतो. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

"बाबू, एक सांग. तू मले घाबरून काहून राहिला?"

मी म्हटलं, नाही तर.

"माह्या घरी आला की तू आधी दाराजवळ उभा राहतो. फोन केला तर आधी विचारतो, काय झालं. मी काय तुले खाते काय?"

मी हसलो. तीही हसली. मग चहा आला, आम्ही प्यायलो, आणि निघताना तिने तिचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. चाबी दे, माह्या या हातानं होत नाही, म्हणाली. मी चाबी दिली. ती पूर्ण भरली तरी माझी बोटं काही वेळ तिथेच होती. सांगायची वेळ तीच होती, मला माहीत होतं. मी घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं आणि जिना उतरलो.

ताईचे अडीच लाख रुपये माझ्याकडे बाकी आहेत. ते पगारातून दीड-दोन वर्षांत फिटतील. तिला खरं सांगायचं देणंही बाकी आहे, ते अजून मी दिलेलं नाही.