काका म्हणाले, दीड

मेच्या शेवटच्या सोमवारी, अमेरिकेतल्या शहीद सैनिकांच्या दिवशी, आम्ही काही माजी सैनिक टेक्सासातल्या प्लेनो गावी एका बागेत जमतो आणि आपापल्या गेलेल्यांची नावं घेतो. मी एकच नाव घेतो. दिलीप गजभिये. मागच्या वेळी शेजारच्यानं विचारलं, युनिट कुठलं? मी म्हटलं, कुठलंच नाही. वीज कंपनीत इंजिनियर होते. तो माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

मराठी मंडळात कोणी फौजेबद्दल विचारलं, की त्यांना अफगाणिस्तान ऐकायचं असतं. तिथे मी नऊ महिने मेडिक होतो, म्हणजे जखमीला पहिली मलमपट्टी करणारा. आमच्या प्लाटूनमधले गेले तेवढे सगळे परत आले. मी माणूस गमावला तो इथे अमेरिकेत, कोलोरॅडोत, ऑगस्टमधल्या एका भर दुपारी. हे सांगायला लागलो की लोक प्लेटकडे बघतात. म्हणून आता लिहूनच टाकतो.

मी प्रशांत मेश्राम, नागपूरचा, इंदोऱ्यातला. टेक्सासात एमएस करायला आलो, आयटीत लागलो, सिटिझन झालो आणि बत्तिसाव्या वर्षी भरती झालो. बाबा फोनवर म्हणाले, "काहून बाप्पा? एसीतली नोकरी चावत होती का तुले?" मी म्हटलं, आपले पणजोबा पलटणीत होते ना? मग त्यांनी फोन आईकडे दिला.

शेवटची पोस्टिंग डोंगरात होती, राज्याच्या राखीव सैन्यात. आम्ही त्याला नुसतं गार्ड म्हणायचो. उन्हाळ्यात आमच्याकडे मुख्य काम एक. उंचावर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरच्या दोरानं वर ओढून काढायचं. सकाळी सहाला ब्रीफिंग. मग हवामान, इंधन, दोराची तपासणी. दुपारी बाराला ढग, दोनला गडगडाट, जवळजवळ रोज. कमांडर होता कॅप्टन हॉल. कमी बोलणारा, सरळ माणूस. त्याच्यावर माझा राग आहे का? आहे. पण तो वाईट नव्हता.

त्या भागात चार दिवसांचा एक ट्रेक जातो, गाइडबरोबर. तीन खिंडी ओलांडायच्या. झाडं संपतात त्याच्याही वर, बारा हजार फुटांवर, दगडांच्या बुटक्या भिंती आहेत. इथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षांपूर्वी शिकारीसाठी रचलेल्या. कळप हाकत आणायचा आणि भिंतीआड दबा धरून बसायचं. लोक त्या बघायला येतात. गजभिये काकाही त्यासाठीच आले होते. ते नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांच्या मुलीनं, ईशानं, त्यांना हा ट्रेक भेट दिला होता. ईशा टेक्सासात जन्मलेली, तिथेच शाळेत शिकवणारी. बाप-लेक दोघंच ग्रुपबरोबर आले होते. काकू घरी प्लेनोत होत्या.

तिसऱ्या खिंडीत काय झालं ते गाइडनं नंतर सांगितलं. गाइडचं नाव मेगन. काका सकाळपासून मागे पडत होते, खोकत होते. मेगननं दोनदा विचारलं. ते म्हणाले, धूळ आहे, दुसरं काही नाही. मेगन त्यांच्यासोबत थांबली. ईशा दुसऱ्या गाइडच्या मागे, बाकीच्यांबरोबर पुढे उतरत होती. सुट्या दगडांवरून तिचा पाय सटकला आणि घोट्याच्या वर मोडला. तिची किंकाळी वर ऐकू आली. काकांनी मेगनला अक्षरशः ढकललं. "गो, गो. आय कम." मेगन त्यांच्या हातात जादा वॉकीटॉकी देऊन खाली धावली. तुम्ही काय केलं असतं?

साडेबाराच्या सुमाराला मेगनचा सॅटेलाइट मेसेज आला. आमचं कमांड पोस्ट उन्हाळाभर त्या पायवाटेच्या तोंडाशीच असायचं. तिथून खिंड सरळ नजरेत होती, म्हणून वॉकीटॉकीचा आवाजही मिळत होता. मेगन रेडिओवर म्हणाली, "वरचे गृहस्थ उत्तर देतायत, पण इंग्रजीत नाही. सकाळी नीट इंग्रजी बोलत होते, आता त्यांच्या भाषेत बोलतायत."

कॅप्टननं माझ्याकडे बघितलं. "मेश्राम. तू घे."

"काका, मी सार्जंट मेश्राम. मराठी बोलतो. ऐकू येतंय का? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग हसणं, आणि हसण्यातून खोकला.

"मेश्राम? कुठले?"

हा प्रश्न मला जन्मभर टोचत आलाय. आडनाव ऐकून लोक कुठले विचारतात तेव्हा त्यांना काय हवं असतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मात्र टोचला नाही.

"नागपूर, काका. इंदोरा."

"अरे, मग आपलाच पोरगा! जय भीम, बेटा. मी गजभिये, भंडाऱ्याचा."

"जय भीम, काका. कुठे बसलात?"

"भिंतीच्या आडोशाला. काय रचली आहे बे लोकांनी! चुना नाही, माती नाही. आरामात टेकून बसलो. माझी पोरगी पडली खाली. तिले पहिले घ्या."

"घेतो. तुम्हाला कसं वाटतंय?"

"मले काय धाड भरली? मी मजेत."

वाक्य संपल्यावर त्यांनी बटण लगेच सोडलं नाही, म्हणून मला श्वास ऐकू आला. भाताच्या पातेल्यात झाकणाखाली रटरटतं, तसा. हा आवाज मी शिकलो होतो. उंचीवर काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. त्याला औषध एकच, ताबडतोब खाली आणणं. नाही आणलं तर माणूस बसल्या जागी बुडतो.

पश्चिमेकडून ढग सरकत होते. पायलटनं सांगितलं, आत्ता एकच फेरी, आणि इतक्या पातळ हवेत एका वेळी एकच माणूस पेलेल. एकाला उचलायचं, खाली सोडायचं, इंधन घ्यायचं, परत यायचं. चाळीस मिनिटं, तीही हवा राहिली तर.

"मला नंबर द्या," कॅप्टन म्हणाला. एक ते दहा, त्रास किती. अमेरिकेतल्या कुठल्याही इस्पितळात पहिला प्रश्न हाच असतो. मेगननं विचारायच्या आधीच ईशाचा आवाज आला. "टेन! टेन!" मेगन म्हणाली, पाऊल थंड पडलंय, पावलातली नाडी सापडत नाही.

मी बटण दाबलं. "काका, नीट ऐका. एक ते दहामधला आकडा सांगा. दुखणं, दम, सगळं धरून. दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही."

"दोन."

"काका, खरं सांगा."

"बरं बाप्पा, दीड म्हण."

मी खरं सांगा म्हटलं, तर त्यांनी अर्धा कमी केला!

"काय म्हणाला?" कॅप्टननं विचारलं.

"दीड, सर. पण ते खोटं बोलतायत."

"पुन्हा सांग."

"सर, आमच्याकडची मोठी माणसं अशीच बोलतात. दीड म्हणजे नऊ समजा. त्यांच्या फुप्फुसात पाणी आहे, मला ऐकू येतंय. आणि सकाळी मेगनशी इंग्रजी बोलणारा माणूस आता इंग्रजी विसरलाय. मेंदूला हवा पुरत नाही, त्याचंच हे लक्षण आहे, सर."

"पूर्ण वाक्यं बोलतोय?"

"येस, सर."

"हसतोय?"

"येस, सर."

त्यानं एकदा ढगांकडे बघितलं. "आधी मुलगी. मग तो."

"सर..."

"सार्जंट."

एवढंच म्हणाला. फौजेत एवढं पुरतं.

चार जणांची तुकडी पायी निघाली. मी जातो म्हटलं. कॅप्टननं नाही म्हटलं, कारण काकांशी बोलणारा मी एकटाच होतो. ते बरोबरच होतं.

"काका, हेलिकॉप्टर आधी ईशाकडे जातंय."

"शाब्बास."

"तुम्ही उठून थोडं खाली सरकू शकता का? बसून घसरत, कसंही?"

"पाय ऐकत नाहीत, बेटा. पण दुखत नाहीत हं."

काही वेळानं हेलिकॉप्टर खिंडीच्या खाली स्थिरावलं. दोर सुटला. काकांना ते वरून दिसत होतं. "गेली," ते म्हणाले. "झोका घेत घेत गेली माझी पोरगी." त्यांचा आवाज इतका खुशीचा होता की मला तो अजून झोपू देत नाही.

मग ढग खिंडीवर बसला. गारा सुरू झाल्या. मेगन काकांकडे वर निघाली होती, पण विजा पडू लागल्या आणि तिला बाकीच्यांना घेऊन खाली झाडांत उतरावं लागलं. हेलिकॉप्टर इंधन घेऊन उठलं, अर्ध्या वाटेतून परत आलं. पुन्हा उठलं, पुन्हा परत. पायलटला मी शिव्या दिल्या, मनातल्या मनात. तो काय करणार होता? समोरचा डोंगरच दिसत नव्हता.

मी रेडिओ सोडला नाही. काकांनी विचारलं, "जेवला का तू?"

मी ओरडलो. "काका, जेवणाचं सोडा हो! श्वासाचं सांगा."

"ओरडू नको. जेवून घे. तुझी माय कुठे असते?"

"नागपूरलाच."

"फोन करत जा तिले."

नंतर त्यांची वाक्यं लहान होत गेली. थंडी वाजते का विचारलं, तर म्हणाले, "दीडच." मग खूप वेळानं, मी काही न विचारता, म्हणाले, "सुनंदाले सांगू नको, खोकत होतो म्हणून. ती म्हणत होती, जाऊ नका." सुनंदा म्हणजे काकू.

बोलणं थांबलं तेव्हा मी सांगितलं, काका, ऐकू येत असेल तर नुसतं बटण दाबा. एक टिक आली. मी बोलत राहिलो. इंदोऱ्याचं बोललो, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं बोललो, तोंडाला येईल ते बोललो. आणखी एक टिक आली. त्यानंतर नाही आली. पायी गेलेली तुकडी सूर्य मावळताना पोचली. त्यांनी रेडिओवर नियमाप्रमाणे कळवलं. काका भिंतीला टेकून बसलेले होते, वॉकीटॉकी मांडीवर.

लोक मला विचारतात, खोटं का नाही सांगितलंस? दीडच्या जागी नऊ म्हणायचं! तुझ्याशिवाय कोणाला कळणार होतं? हे विचारणाऱ्यांचा मला भयंकर संताप येतो. दुसऱ्याचं बोलणं सांगणाऱ्यानं ऐकलं तेवढंच सांगायचं, पदरचं वेगळं आणि उघड सांगायचं. मी दोन्ही सांगितलं. आणि ईशाचा पाय? डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता. तिचे दहा खरोखर दहाच होते. म्हणजे कॅप्टन चुकला नाही, मेगन चुकली नाही, पायलट चुकला नाही, मी चुकलो नाही. कोणी चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान शिव्या द्यायला कोणी तरी मिळालं असतं. त्या हिवाळ्यात माझा करार संपला. मी पुढे सही केली नाही.

त्याआधी काकांचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची बौद्ध वंदना, प्लेनोत त्यांच्या घरी झालं. मी ड्राइव्ह करत गेलो. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, पुढे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि काकांचा फोटो. फोटोत ते कुठल्याशा पिकनिकला कणीस खात होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चार जणांनी भाषणं केली. सगळे म्हणाले, गजभिये सरांनी कधी कोणाला त्रास दिला नाही. मला उठून ओरडावंसं वाटलं, द्यायला हवा होता हो!

वंदनेनंतर ईशा कुबड्यांवर माझ्याजवळ आली. तिला मराठी कळतं, बोलता बेताचंच येतं.

"व्हॉट नंबर डिड ही से?"

मी सांगितलं.

"आय सेड टेन," ती म्हणाली. "आय स्क्रीम्ड इट."

"तुझे दहाच होते गं," मी म्हटलं. तिनं मान हलवली. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. वरण-भात, वांग्याची भाजी. "जेव ना बेटा. किती लांबून आला." मी ताट घेतलं. काकांचा निरोप असा होता, की खोकल्याचं सांगू नको. म्हणून सवयीनं विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?"

"मले काय धाड भरली?" काकू म्हणाल्या. "मी बरी आहे."

ईशानं झटक्यात वर बघितलं. "आई," ती म्हणाली, "नंबर सांग."

"कसला नंबर?"

"एक ते दहा. खरं सांग, आई. प्लीज."

काकूंनी कणीस खाणाऱ्या त्या फोटोकडे बघितलं. पदरानं तोंड पुसलं. मग तिथेच, पाहुण्यांच्या मधोमध, चादरीवर खाली बसल्या.

"दहा," त्या म्हणाल्या. "दहा, पोरी."