फिर्याद हे माझं नाव

“आमची कपिला गाय परवाच मेली. नाव रिकामंच आहे, तेच लिहितो.” हेडमास्तर म्हणाले अन् मायदेखत रजिस्टरात माझं नाव लिहिलं. गाईचं. शाळेचा पहिला दिवस. मागं उभे असलेले मोठ्या घरचे लोक खदखदा हसले. मायनं तरी मले वर्गात नेऊन बसवलं. तिले मले शिकवायचं होतं.

तिनं नाव सांगितलं होतं, फिर्याद.

असं नाव कोणी पोरीचं ठेवते काय? माझ्या मायनं ठेवलं. मी पोटात होती तवा ती याच हेडमास्तरच्या भावाच्या वावरात कापूस वेचाले जाये. एक दिवस तहानेनं त्याच्या माठाले हात लावला. पोटुशा बाईले त्यानं काठीनं झोडपलं. ती तशीच ढाणकीच्या रस्त्यानं चालत ठाण्यात गेली, फिर्याद दिली. मग गावाची बैठक बसली. बापाले धमकावलं, साक्षीदार फिरले. हेडमास्तरनं कागद लिहिला, मायचा अंगठा घेतला. फिर्याद मागं. दोन महिन्यांनी मी झाली. माय म्हणाली, आता ही कोण मागं घेते ते पाहतो.

सात वर्षं मी कपिला होती. हजेरी झाली की मागचे पोट्टे हंबरत. मी दात खाऊन ‘हजर’ म्हणो.

सातवीत पहिली आली. सत्काराले स्टेजवरून तीनदा कपिला पुकारलं. तिसऱ्यांदा उभी राह्यली.

“कपिला तुमच्या गोठ्यात मेली, सर. मी फिर्याद आहे.”

त्या दिवशी बक्षीस भेटलं नाही. पुढं राजपत्रात नाव छापून आणलं.

आज त्याच शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. मागच्या महिन्यात तो हेडमास्तर आला, आता म्हातारा झालेला. नातवाच्या जातपडताळणीले जुन्या रजिस्टरचा उतारा पाहिजे होता. टेबलावर माझ्या नावाची पाटी, तरी ‘कपिलाबाई’ म्हणाला. खुर्ची रिकामी होती. मी बसा म्हटलं नाही. अर्ज लिहा म्हटलं, वर माझं नाव टाकून. वर ‘फिर्याद’ लिहिलं त्यानं. मले बरं वाटलं. लय बरं वाटलं.

उताऱ्यावर पूर्ण नावाची सही केली. आता तो कागद नातवासंगं नोकरीपर्यंत जाईन.

दारातून म्हणाला, “जुनं झालं ते, बाई. सोडून द्या आता.”

“मायचा अंगठा तुम्ही घेतला होता. ही माझी सही आहे.”

त्याचा भाऊ अजून जिता आहे. त्याच्या नातवालेही उतारा लागणारच. मी इथंच बसून आहे.