चुन्याखालची काच

मंगळवार, दुपारी दोन. पुलाचे खांब चुन्याने रंगवण्याचा तोंडी हुकूम. जबाबदार : आमच्या तुकडीचे तेव्हाचे कॅप्टन.

मंगळवार, दुपारी साडेचार. हुकमाची अंमलबजावणी. जबाबदार : मी, तेव्हाचा हवालदार.

शुक्रवार, सकाळी सहा चाळीस. नाईक दत्ता खरात यांचा मृत्यू. जबाबदार : कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या मते खुद्द खरात, कारण, ‘स्वतःचा निष्काळजीपणा’.

यातली पहिली जबाबदारी आजवर कोणी स्वीकारलेली नाही. दुसरी मी येथे स्वीकारतो. तिसरी खोटी आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी मी हे लिहितो आहे.

आमची तुकडी इंजिनियर्सची. दारूगोळ्याच्या डेपोकडे जाणाऱ्या रेल्वे सायडिंगवर इंग्रजी अमदानीतला एक दगडी पूल होता. चार कमानी, तीन खांब. पावसाळ्यात त्यावर नजर ठेवणे हे आमचे काम. पूल दिसायला देखणा नव्हता. सांध्यांतून क्षार ओघळून पट्टे उतरले होते, जुन्या पुरांच्या रेषा खांबांवर एकीखाली एक उमटल्या होत्या. परंतु पाणी कोठवर चढले, कोठे झिरपले, कोणता दगड मागाहून बसवला, हे सर्व तो पाहणाऱ्याला सांगत असे. पुलाचे रूप ही त्याची जबानी असते.

तीन नंबरच्या खांबाला भेग होती. तिच्यावर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवलेली. भेग हलली की काच तडकते, इतकी साधी ही योजना. रोज सकाळी सहाला खरात शिडीने उतरत असे, काच पाहत असे आणि रजिस्टरात लिहीत असे : काच शाबूत.

फौजेत मोठा अधिकारी यायचा असला, की झाडाच्या बुंध्यापासून रस्त्याकडेच्या दगडापर्यंत सर्वांना गेरू-चुना लागतो. गुरुवारी जनरलसाहेबांचे इन्स्पेक्शन होते. कॅप्टनसाहेब म्हणाले, “तीनों पिलर सफेद चाहिए. एक भी दाग नहीं.”

खरात सावधान उभा राहिला. “साब, तीन नंबर पे काच है. ढक जाएगी.”

“जनरल साब को दरार दिखानी है क्या? इन्स्पेक्शन तक कोई हाथ नहीं लगाएगा. हवालदार?”

मी म्हणालो, “येस सर.”

चुना कालवताना खरात मला म्हणाला, “उस्ताद, जनरलसाहेब पुलाशी लग्न लावणार आहेत का? नाही, नवरी नटवतोय म्हणून विचारलं.”

“ब्रश चालव.”

“चालवतो. पण नवरीचा डोळा झाकतोय, हे तुमच्या ध्यानात असू द्या.”

बुधवारी आणि गुरुवारी त्याने रजिस्टरात लिहिले : काच दिसत नाही. ते रजिस्टर पुढे चौकशीसमोर आलेच नाही.

गुरुवारी इन्स्पेक्शन झाले. जनरलसाहेबांनी शाबासकी दिली. शुक्रवारी उजाडता नदीचे पाणी चढलेले होते आणि सात वाजता डेपोतून गाडी सुटायची होती. सहा वीसला खरात तारेचा ब्रश कमरेला खोचून शिडीने उतरला. मी चौकीत वायरलेसवर होतो. सहा छत्तीसला त्याचा आवाज आला.

“चौकी, पुलावरून. काच तुटलीय. गाडी थांबवा. ओव्हर.”

“कधी तुटली? ओव्हर.”

“चुन्याखालीच तुटलीय. भेगेत बोट जातंय. उस्ताद, आधी गाडी थांबवा. ओव्हर.”

मी डेपोला कळवले. गाडी डेपोतच थांबली. तिच्यावर चौदा माणसे होती. खरातच्या निरोपानंतर चार मिनिटांनी तीन नंबरचा खांब खचला. खरात अजून शिडीवर होता.

चौकशीत कॅप्टनसाहेबांनी जबानी दिली, की काच उघडी आणि स्पष्ट होती, नाईकाने ती नीट पाहिली नाही आणि नंतर हुकमाशिवाय खाली उतरला. मी सांगितले, काच झाकलेली होती. मला विचारण्यात आले, पुरावा? खांब तर नदीत गेला होता.

आता मी निवृत्त असून मुलीकडे दुबईत, अल मनखूलला राहतो. गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी बर दुबईच्या एका सभागृहात रेल्वेपुलांच्या जुन्या-नव्या रूपांवर सचित्र व्याख्यान होते. वक्ते तेच कॅप्टन. आता निवृत्त कर्नल आणि सल्लागार. खरातची मुलगी सुनीता अल ऐनला रुग्णालयात परिचारिका आहे. ती गाडी चालवत आली आणि माझ्या शेजारी बसली.

प्रथम वाळवंटातल्या नव्या रेल्वेचे पूल दाखवण्यात आले. वाळूच्या रंगाचे काँक्रीट, एकसारखे उंच खांब, कोठेही डाग नाही. त्याविषयी माझी तक्रार नाही. नव्या पुलाला सांगण्यासारखे अद्याप काही घडलेले नसते.

नंतर पडद्यावर आमचा पूल आला. पांढराशुभ्र.

“हा बघा, काय देखणा!” कर्नलसाहेब म्हणाले. “इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी स्वतः काढलेला फोटो.”

सुनीता पुढे झुकली. “काका, तीन नंबरचा कुठला?”

“उजवीकडचा.”

“मग काच कुठाय?”

मी उभा राहिलो. संयोजक तरुण माइक घेऊन धावला. “काका, क्वेश्चन शॉर्ट ठेवा हं, मागे बिर्याणी थंड होतेय.” लोक हसले. मी विचारले, “साहेब, या फोटोत तीन नंबरवरची काच दाखवा.”

त्यांनी मला ओळखले. “हवालदार, तुम्ही अजून तसेच! इतकी वर्षं झाली. खलास, सोडा आता.” आणि संयोजकाला, “नेक्स्ट स्लाइड.”

सुनीता माइक न घेताच म्हणाली, “मी खरातांची मुलगी. मागची स्लाइड परत लावा.” कोणी लावली नाही.

त्यानंतर मी कर्नलसाहेबांना तीन पत्रे पाठवली. पोच मिळाली, उत्तर नाही. त्यांचे नाव मी येथे छापत नाही. संयोजकांना मात्र हे सर्व लेखी कळवलेले आहे. चौदा माणसे घरी पोचली, कारण एक नाईक हुकमाची वाट न पाहता खाली उतरला. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि ‘निष्काळजी’ हा शब्द बापाच्या नावासमोर वाचत मोठी झाली.

म्हणून माझी जाहीर मागणी आहे. कर्नलसाहेबांनी त्याच सभागृहात, त्याच माइकवर, सुनीता खरात समोर बसलेली असताना तो फोटो पुन्हा लावावा आणि काच उघडी होती असे शपथेवर सांगणारा माणूस त्यात काच कोठे दाखवतो, याचे उत्तर द्यावे. दाखवता येत नसेल, तर तेही माइकवरच सांगावे.