आवळलेला कागद

तिघी बहिणींतली ही मधली, आणि घरात तिला मधलीच म्हणतात. लहानपणी नळाखाली हात धरून पाणी बोटांमधून कुठून निसटतं ते बघत बसायची. आता तेच बघायचा पगार घेते.

तिच्या कारखान्यात हायड्रोजनवर वीज करणाऱ्या पेट्या बनतात. पेटीत कोळशाच्या धाग्यांचा काळा कागद असतो, नुसत्या बारीक भोकांचा. त्यातून वायू आत जायचा आणि तयार झालेलं पाणी बाहेर पडायचं. पाणी तुंबलं की पेटी गुदमरलीच. कागदाचे बारीक फोटो घेऊन, पाणी कुठल्या भोकातून कसं वाहील, ते मधली कॉम्प्युटरवर आधीच बघते. पाणी वाहून न्यायला कागदाला टेकून बसणाऱ्या पत्र्यांवर किती रुंद खाचा पाडायच्या, तेही तिच्याच गणितावरून ठरलं होतं. त्या दिवशी साडेअकराला चारशे पत्रे खाचा पाडायला यंत्रावर चढणार होते. आणि तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी त्याच दिवशी पक्की व्हायची होती.

सकाळी ती खाली पेट्या जोडणाऱ्या मिस्त्रींकडे डोकावली. ते नमुन्याची पेटी दातओठ खाऊन आवळत होते.

"काका, गळा आवळताय का कुणाचा?"

"मग सैल ठेवू? वायू गळला तर आधी माझी मिशी जाईल!"

मधली हसली आणि मग वाकून पेटीकडे बघू लागली. तिनं गणितात घातलेला कागद सुटा होता, टेबलावर ऐसपैस पडलेला.

"काका, आतला कागद किती दबतो?"

"पाव तरी दबतोच की. का गं?"

अडाणी बाईनं आधी दाबून बघितला असता. पण शिकलेल्याला फोटो पुरतो.

धावत वर जाऊन तिनं कागद पावभर चेपून गणित पुन्हा लावलं. अकरा वाजले होते. आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. वीस टक्के. तीस. पडद्यावर निळं पाणी भोकाभोकांत शिरत होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. पुरं होईतो थांबावं, तर यंत्र सुरू. अर्ध्यावर बोलावं आणि खोटं ठरलं, तर तोंड कुठं लपवायचं?

साठ टक्क्यांवर ती उठली.

मोठे साहेब यंत्रापाशीच उभे होते.

"साहेब, थांबवा. चूक माझी आहे. मी कागद सुटा धरला."

"गणित पुरं झालं?"

"नाही. पण पाणी तुंबतंय."

"अर्ध्या गणितावर मी चारशे पत्रे अडवू?"

"हो."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. कामगाराचा हात बटणावर तसाच. मग साहेबांनी स्वतःच मुख्य खटका ओढून यंत्राची वीज तोडली.

"उद्यापासून कागद किती दबतो ते मिस्त्रींजवळ बसून मोजायचंस. पक्कं करायचं सहा महिन्यांनी बघू."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेले चाळीस टक्के बघायला वर गेली.